पाणी, चाकं वर, पाह्यलं

पहिल्या भेटीत त्यांनी मला नाव विचारलं नाही, वजन विचारलं.

मी नागपूरच्या सक्करदरा तलावाजवळच्या त्यांच्या घरी, वरची खोली भाड्याने मिळेल का म्हणून गेले होते. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात तपासनीस म्हणून नुकतीच लागले होते. इचलकरंजीहून एकटी आलेल्या मुलीला घरमालक काय काय विचारतात याचा तोवर पुरेसा अनुभव आला होता. लग्न कधी, मटण शिजवणार का, घरी किती वाजता येणार, सगळ्याची उत्तरं पाठ होती. दार उघडलं ते बनियन आणि ढगळ अर्ध्या चड्डीतल्या, चांगल्या भरल्या अंगाच्या गृहस्थांनी. त्यांच्या मागे, जिथे लोकांच्या घरात चपलांचं कपाट असतं तिथे, किराणा दुकानातला वजनकाटा ठेवलेला होता.

"चढ," ते म्हणाले.

"कशावर?"

"काट्यावर. अजून काय दिसून राहिलं तुले इथं?"

मी चढले. त्यांनी वाकून आकडा पाहिला, चष्मा वर करून पुन्हा पाहिला आणि आतल्या दिशेने ओरडले, "शेहेचाळीस! ठेवून घे हिले." आतून काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "मनावर नको घेऊ वं. काल गॅसवाल्यालेही चढवलं होतं." त्यानंतर मी त्या घरात चार वर्षं राहिले. त्या चार वर्षांत त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. "शेहेचाळीस, खाली ये" ही त्यांची हाक सगळ्या गल्लीला ठाऊक होती, आणि मला पगार किती मिळतो यावर गल्लीत बरेच दिवस चर्चा चालली होती.

वजनाचा हा छंद त्यांना विमानामुळे लागला. हो, विमान. माझ्या घरमालकांचं स्वतःचं विमान होतं. हे वाक्य मी इचलकरंजीला फोनवर आईला सांगितलं तेव्हा तिने मला ताबडतोब दुसरी खोली बघायला सांगितलं.

वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून त्यांनी उभी हयात लोकांच्या घरातली वीज जाण्याची कारणं शोधण्यात घालवली. पन्नाशी उलटल्यावर विमान उडवायला शिकले. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर वर्धा रोडकडचा प्लॉट विकला आणि दोन माणसांचं एक विमान घेतलं. नागपुरात माणूस प्लॉट विकतो तो दुसरा प्लॉट घ्यायला. विमान घेण्यासाठी प्लॉट विकणारा माणूस लोकांनी पहिल्यांदाच पाहिला, त्यामुळे खाप्याला राहणारा त्यांचा धाकटा भाऊ खास एसटीने येऊन पाहून गेला. विमान अर्थातच नारिंगी रंगाचं होतं. खालून होडीसारखं पोट, वर पंख, डोक्यामागे इंजिन, आणि बाजूला दोन चाकं, जी खाली सोडली की जमिनीवर उतरता येई आणि वर उचलली की पाण्यावर. भावाने ते चहूबाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "दादा, हे उडते कमी अन् बुडते जास्त असं काहून वाटून राहिलं मले?" दादांनी त्याला काट्यावर चढवलं, एकोणनव्वद म्हणून जाहीर केलं आणि सांगितलं, "तुयासारखा बसला तर बुडनच."

लोक त्यांना कॅप्टन म्हणत. ते विमान कंपनीत, जहाजावर, इतकंच काय गल्लीच्या क्रिकेट टीममध्येही कधी कॅप्टन नव्हते. मी त्यांना काका म्हणायची.

काका घरात असले की घर बोलत असे. म्हणजे तेच बोलत, पण घराच्या वतीने. झोपायला जाताना "गॅस. बंद. पाह्यला." बाहेर पडताना "कुलूप. लागलं. पाह्यलं." अंघोळीआधी "गिझर. बंद. पाह्यला." प्रत्येक गोष्ट तीन तुकड्यांत, मोठ्याने, आणि तिसरा तुकडा उच्चारताना मान वळवून त्या वस्तूकडे रोखून बघत. पाहुणे आले की काकूंना अवघडल्यासारखं होई. एकदा एका लग्नात जेवताना ते "मठ्ठा. आंबट. पाह्यला," म्हणाले आणि वाढप्याने घाबरून भांडंच बदललं.

याचं मूळ विमानात होतं. मी राहायला आल्यावर दुसऱ्याच रविवारी त्यांनी मला अंगणात बोलावून शिकवणी घेतली. पाण्याने भरलेलं घमेलं, आणि हातात प्लास्टिकची खेळण्यातली मोटार.

"पाह्य. जमिनीवर उतरलो अन् चाकं वर राहिली, तर काय होते? पोट घासते. विमान खराब होते, माणूस शिव्या देत उतरते. पण पाण्यावर उतरलो अन् चाकं खाली राहिली," त्यांनी मोटार जोरात पाण्यात घुसवली, ती पुढच्या पुढे उलटी झाली आणि निम्मं पाणी माझ्या सलवारीवर आलं, "तर असं होते. पट्टा बांधून उलटं लटकून राहते माणूस पाण्याखाली. जमिनीवरच्या चुकीत पैसा जाते. पाण्यावरच्या चुकीत माणूस जाते."

म्हणून प्रत्येक उतरण्याआधी मोठ्याने म्हणायचं. जमीन असेल तर "जमीन. चाकं खाली. पाह्यलं." पाणी असेल तर "पाणी. चाकं वर. पाह्यलं." पहिले दोन तुकडे तोंडाचे, तिसरा डोळ्यांचा. त्यांच्या विमानात चाक वर उचललं की ते खिडकीच्या बाहेर, बसणाऱ्याच्या कोपराजवळ येऊन थांबायचं. काळं रबर दिसलं तर चाक वर, नाही दिसलं तर खाली. इतकं सोपं. डाव्या खिडकीतून एक बघायचं आणि उजवीकडे वाकून दुसरं.

"उजवीकडं दुसरा माणूस बसलेला असतो ना?" मी विचारलं. "तो सांगेल की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घमेल्यात पडले होते. "दुसऱ्यानं पाह्यलं ते आपण ऐकलं. पाह्यलं नाही."

मला हे तत्त्व पटलं, पण कंटाळाही आला. आमच्या कारखान्यात रोज तपासणीचे तक्ते भरले जात. कापडाचा तागा दिव्यावरून सरकत जातो, गाठ, डाग, तुटका धागा दिसला की खूण करायची. महिनाभर काम केलं की कोणताही तपासनीस तागा यायच्या आधीच तक्त्यावर बरोबरच्या खुणा मारून मोकळा होतो. मीही मारत असे. तोंड आणि हात आपापलं काम करतात, डोळे घरी गेलेले असतात. त्यामुळे काकांचं ते तिसऱ्या तुकड्याला मान वळवणं मला जरा हास्यास्पद वाटे आणि जरा टोचतही असे.

असं छोटं विमान असणारे देशात मूठभर लोक. त्यांनी फोनवर एकमेकांना गाठलं आणि ठरवलं की पश्चिमेच्या समुद्रातून उडायचं, वाटेत तळी, धरणं, धावपट्ट्या जे मिळेल तिथे उतरत पूर्वेच्या समुद्रात उतरायचं. तीन विमानं तयार झाली. एक काकांचं, एक पुण्याच्या एका त्वचेच्या डॉक्टरांचं, एक बडोद्याच्या बाईंचं. बाई फार बोलत नसत, फक्त उत्तम उतरत. डॉक्टर दोघांच्या वाटचं बोलत.

परवानग्या गोळा करण्यात एक वर्ष गेलं. एका खात्याने विचारलं, हे विमान आहे की बोट? काकांनी लिहिलं, उतरेपर्यंत विमान, उतरल्यावर बोट. उत्तर आलं की तसं असेल तर दोन स्वतंत्र अर्ज करावेत आणि दुसरा अर्ज पाण्याला स्पर्श होण्यापूर्वी पोहोचेल असा करावा. शेवटी परवानगी आली ती पश्चिमेकडून पूर्वेकडे उडण्याची. नागपूरहून पश्चिमेला उडत जाण्याबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं. त्यामुळे देश ओलांडायला निघालेलं आमचं विमान पंख काढून, ताडपत्री घालून, ट्रकवर कोकणात गेलं. काकू गच्चीतून बघत होत्या. "एवढं उडणारं आहे, तर ट्रकवर काहून नेऊन राहिले?" एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या सीटवर कोण, हा प्रश्न काट्याने सोडवला. काका, पेट्रोल, पाणी, सामान हे सगळं वजा केल्यावर विमान आणखी पन्नास किलोच उचलू शकत होतं. नातेवाइकांत, मित्रांत, गल्लीत पन्नास किलोच्या आतलं सज्ञान माणूस एकच निघालं. लहानपणापासून "जरा अंगावर मास धर" हे ऐकत वाढलेल्या मला वजनामुळे मिळालेली ही आयुष्यातली एकमेव संधी होती. मी साठलेल्या रजा टाकल्या. काकांनी माझ्या टूथब्रशची अर्धी दांडी करवतीने कापली, केसांचा चाप काढून घेतला, आणि काकूंनी दिलेल्या, कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीच्या डब्यातून दोन वड्या वजन जास्त होतं म्हणून उभ्या उभ्या खाल्ल्या. त्या आता त्यांच्या वजनात धरल्या जातील हे मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मी काट्यावर सकाळीच चढलो होतो."

निघण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या पोळ्या लाटत होत्या आणि माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

"तू नुसती बसून नको राहू वं. लक्ष ठेवजो. परवा बाहेर जाताना कुलूप, लागलं, पाह्यलं म्हणून निघाले. कोपऱ्यावर गेल्यावर मी पाह्यलं तर कुलूप त्यायच्या हातातच."

मी हसले. काकू हसल्या नाहीत.

"त्यायले सांगितलं मी. तर म्हणतेत, हातातलं कुलूप पाह्यलं न मी. एवढं उडू दे त्यायले. प्लॉट गेला, लोक हसले, मी काही नाही बोलली. पण आता बोलतेत एक अन् पाहतेत दुसरीकडंच. तुये डोळे तपासाच्या कामाचेच आहेत न? मंग तपास."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

कोकणातल्या एका खाडीतून आम्ही उडालो. काकांनी तिथलं खारं पाणी औषधाच्या एका छोट्या बाटलीत भरून घेतलं. ते पूर्वेच्या समुद्रात ओतायचं होतं. बाटलीचं वजन त्यांनी आधीच हिशेबात धरलेलं होतं. पुढचे काही दिवस माझं काम एकच होतं, सीटवर शेहेचाळीस किलो होऊन बसणं. उतरायची वेळ आली की काका "पाणी. चाकं वर," म्हणत, डावीकडे बघत, मग माझ्या अंगावरून, मी म्हणजे एखादी उशी असावी तसे उजवीकडे वाकत, माझ्या कोपराजवळचं रबर बघत आणि "पाह्यलं," म्हणत. मी सांगू का, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते स्वतःच वाकले. मुक्कामाला ते वहीत उड्डाणाची नोंद करत. कुठून, कुठे, किती वेळ. दुसऱ्या सीटसमोर लिहीत, "भार, ४६ किलो." मी एकदा म्हटलं, माझं नाव तरी लिहा. ते म्हणाले, "नाव उचलाले पेट्रोल लागत नाही."

डॉक्टरांशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. डॉक्टर रेडिओवर बातम्या दिल्यासारखे बोलत. "पुणेकर जलपृष्ठावर अवतरण करीत आहे." काका म्हणत, "उतर न बाप्पा, निमंत्रणपत्रिका काहून वाचून राहिला?" डॉक्टरांना नागपूरचा उन्हाळा, नागपूरची तर्री आणि नागपूरची भाषा या तिन्हींवर एकेक मत होतं, आणि तिन्ही मतं ते रोज देत. काकांनी त्यांना प्रवासाला निघण्याआधी काट्यावर चढवायची इच्छा बोलून दाखवली होती, ती डॉक्टरांनी हसून टाळली. त्यानंतर त्यांचं वजन हा काकांच्या मनातला कायमचा संशय होऊन बसला.

खरं भांडण झालं ते मराठवाड्यातल्या एका धावपट्टीवर, चहाच्या टपरीशी. डॉक्टर मजेत म्हणाले, "आता इतकी सवय झाली आहे ना, की ते चाकांचं आपोआप तोंडातून येतं. पाहावं लागतच नाही."

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"काय म्हटलं?"

"अहो, सवय. सवयीनं येतं."

"सवयीनं जांभई येते डॉक्टरसाहेब. चाकं येत नाही." टपरीवाला, त्याची गिऱ्हाइकं, सगळे बघायला लागले. "न पाहता पाह्यलं म्हणाचं, म्हणजे मेल्यावर तब्येत ठीक आहे म्हणून सांगाचं. ज्या दिवशी तोंडातून येईन अन् डोळे नाही येणार, त्या दिवशी चावी टाकाची अन् घरी बसाचं. मी असो का तुम्ही असो. कबूल आहे का?"

डॉक्टर लाल झाले. बडोद्याच्या बाई एवढंच म्हणाल्या, "बराबर छे." डॉक्टरांनीही मग कबूल म्हटलं. त्या दिवसापासून उतरताना ते बोलायचं तेवढंच बोलू लागले.

पाचव्या दिवशी आम्ही घरी पोहोचणार होतो. नागपूरपासून तासाभरावर, खाप्याच्या बाजूला, एका तलावात उतरायची परवानगी मिळाली होती. दोन्ही समुद्रांच्या मधला हा टप्पा, आणि काठावर सगळं गणगोत. भावाने मंडप टाकला होता. ज्यांनी ज्यांनी प्लॉटबद्दल हळहळ व्यक्त केली होती, त्या सगळ्यांना त्याने आग्रहाने बोलावलं होतं. बुडणं असो की तरणं, बघायला माणसं हवीत, असा त्याचा विचार असावा.

यवतमाळकडच्या एका धावपट्टीवरून आम्ही सकाळी उडालो. चाकं जमिनीवरून सुटली त्याच क्षणी रेडिओवर डॉक्टर आले. "आज यजमानांनी आधी उतरावं, असं आमचं ठरलं आहे." त्यात काही टोमणा नव्हता, पण काकांना तो दिसला. माझ्या गावात मीच आधी उतरन, तुम्ही कोण ठरवणार, असं सुरू झालं आणि वर्धा नदी येईपर्यंत चाललं. मी पहाटे चारला उठलेली होते, पेंगत होते. एकदा काका पुटपुटलेले कानावर आलं, "आज वारा अंगावर आहे. विमान ओढून राहिलं." मी डोळे मिटून हं म्हटलं. काकूंना हो म्हटलं होतं, तसंच.

जागी झाले ती तलाव समोर आल्यावर. पाणी सपाट आणि चकचकीत होतं. काठावर मंडप, त्याचं लाल-पांढरं कापड, आणि हात हलवणारी माणसं. काका खूश होते. मी त्यांना असं खूश कधी पाहिलं नव्हतं. इंजिन मंद झालं, आम्ही खाली यायला लागलो.

"पाणी. चाकं वर. पाह्यलं."

मला आधी कळलं ते कानांनी. तिन्ही तुकडे एका दमात आले होते, मधे श्वास नव्हता. माझ्या अंगावरून कोणी वाकलं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं तर त्यांची नजर मंडपावर होती, तोंडावर हसू होतं. हा सूर मी ओळखत होते. तागा यायच्या आधी तक्त्यावर खूण मारताना माझा असाच सूर लागायचा.

मी कोपराजवळ पाहिलं. काळं रबर नव्हतं. तिथे फक्त पाणी होतं आणि ते वर येत होतं.

"काका, चाक!"

त्यांचा एक नियम होता, आधी वर, मग वाद. त्यांनी मला काय, कुठलं, असं काहीही विचारलं नाही. इंजिन ओरडलं, नाक वर गेलं, पाणी ताडभर खाली राहिलं आणि मागे पळालं. मंडपावरून जाताना खालच्या माणसांचे वर वळलेले चेहरे मला एक एक दिसले. त्यात काकूही होत्या. त्या हात हलवत नव्हत्या.

"क्या बात है!" रेडिओवर डॉक्टर म्हणाले. "नागपूरकरांना सलामी दिलीत वाटतं!"

सकाळी धावपट्टीवरून उडाल्यावर वर घ्यायची राहून गेलेली चाकं काकांनी आता वर घेतली. वारा अंगावर नव्हता, आम्ही चाकं खाली लोंबकळवत तासभर आलो होतो. त्यांनी तलावाला मोठा वळसा घातला. उतरायच्या आधी ते म्हणाले, "पाणी." थांबले. "चाकं वर." डावीकडे पाहिलं. मग माझ्या अंगावरून वाकले आणि माझ्या कोपराजवळच्या रबराकडे इतका वेळ बघत राहिले की मला त्यांच्या डोक्यावरचा घाम दिसला. "पाह्यलं," ते म्हणाले, आणि आम्ही उतरलो. इतकं मऊ उतरलो की मी बाहेर पाहिलं तेव्हा विमान तरंगत होतं.

काठावर भाऊ गुडघाभर पाण्यात हार घेऊन उभा. "चक्कर मारून दाखवली दादानं! अशी शान पाह्यली का कोणी?" टाळ्या पडल्या. मी मनातल्या मनात हिशेब केला. झालेलं फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातली एक भाडेकरू होती. डॉक्टरसुद्धा फसले होते. मंडपात मसालेभात होता, वडाभात होता, पूर्वेचा समुद्र चार दिवसांवर होता. गप्प बसलं की झालं. मी तर गप्प बसायचं ठरवूनच टाकलं.

काकांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"चक्कर नाही मारली मी," ते म्हणाले. "चुकलो. चाकं खाली होती. न पाहता पाह्यलं म्हटलं. ह्या पोरीनं ओरडलं नसतं, तर तुमच्या समोर पाण्यात उलटे लटकून राहिलो असतो आम्ही."

टाळ्या थांबल्या. मला वाटलं, भाऊ आता म्हणणार, म्हटलं होतं न मी, हे इतकी वर्षं राखून ठेवलेलं वाक्य. भावाने नुसता दादाच्या हातातला हार घेतला, तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना, शेवटी विमानाच्या नाकावर घातला.

डॉक्टर आले. "अहो, निभावलंत ना? सगळ्यांचं होतं कधीतरी. चार दिवस राहिले आहेत, मी रोज रेडिओवर आठवण करून देतो तुम्हाला, पाहिलंत का म्हणून."

"तुम्ही आठवण देसान अन् मी हो म्हणन," काका म्हणाले. "हो म्हणाले काय लागते? टपरीवर कबूल केलं होतं आपण. मी असो का तुम्ही असो."

त्यांनी खिशातून चावी काढली आणि काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती पदराच्या टोकाला बांधली. त्यांनीच मला डोळे उघडे ठेवायला सांगितलं होतं, पण त्यांच्या तोंडावर जिंकल्याचं काहीही नव्हतं. त्या रडत होत्या. मग मीही रडले. कारण एवढ्या प्रवासात मला या माणसाबद्दल जे काही बोलायचं होतं ते सगळं कुत्सित होतं, आणि आता त्यातलं काहीच उपयोगाचं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन विमानं पूर्वेला गेली. निघण्याआधी काकांनी ती खाऱ्या पाण्याची बाटली डॉक्टरांपुढे धरली. प्रत्येक गोष्टीवर मत असलेल्या त्या माणसाने ती दोन्ही हातांनी घेतली. मग म्हणाला, "वजन?"

"तीनशे वीस ग्राम. पेट्रोल तेवढं कमी भरा."

चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. बाटली ओतली होती. काकांनी विचारलं, "पाह्यलं?" डॉक्टर अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पाहिलं."

विमान नंतर बडोद्याच्या बाईंकडे गेलं. काका घरी बसले. तीन तुकड्यांत बोलणं चालूच होतं, पण आता गॅसकडे मान वळवल्यावर ते काकूंकडेही बघत, आणि काकूंनी मान डोलावली की मगच तिसरा तुकडा म्हणत. मी कारखान्यात तागा येईपर्यंत तक्त्याला हात लावायचं बंद केलं. त्यामुळे माझं काम हळू झालं आणि साहेबांनी ते मला ऐकवलंही.

पुढे मला गावाकडे नोकरी मिळाली. खोली सोडताना काकांनी मला काट्यावर चढवलं. बावन्न. काकूंच्या हाताची चार वर्षं होती ती. "खराब झाली पोरगी," ते म्हणाले, आणि एक जुनी वही माझ्या हातात देऊन, मी ती उघडेपर्यंत न थांबता, आत निघून गेले. ती उड्डाणांची वही होती. खाडीपासूनचं प्रत्येक पान तसंच, कुठून, कुठे, किती वेळ, आणि दुसऱ्या सीटसमोर भार, ४६ किलो. शेवटच्या पानावर भार हा शब्द खोडलेला होता. पुढे त्यांच्या वीज कंपनीतल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

"पाणी. चाकं खाली. मी नाही पाह्यलं. शेहेचाळीसनं पाह्यलं."